बूथचं वय

माझ्या एका वर्गमित्राचं सडक अर्जुनीत महामार्गाच्या कडेला बॉडी-पेंटिंगचं वर्कशॉप आहे. तिथे गेलं वर्षभर एकच खटला चालू होता : रंगाचा बूथ दुरुस्त करायचा की नवा आणायचा. या काळात त्याच्या घरी सून आली, उन्हाळी धान निघाला, खरिपाची रोवणी आटोपली, पण खटल्याला तारखेवर तारीख पडत राहिली. मी निवृत्त माणूस. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, मत असतं आणि त्या मतामुळे कुणाचं नुकसान झालं तर त्याच्याकडून वसुली होत नाही. म्हणून असल्या बैठकींना मला आवर्जून बोलावणं येतं.

ज्यांनी बूथ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही एक मोठी पत्र्याची खोली. ट्रकची केबिन किंवा अख्खा ट्रॅक्टर आत मावतो. छतातून गाळलेली हवा खाली उतरते आणि जमिनीतल्या जाळीखालून एक दांडगा पंखा ती ओढून बाहेर टाकतो. साध्या स्प्रे गनने मारलेला निम्म्याहून अधिक रंग गाडीवर बसतच नाही, धुक्यासारखा हवेत उडतो. हा उडालेला रंग जाळीखालच्या काचतंतूंच्या फिल्टरने अडवायचा असतो. शेजारी डिझेलचा बर्नर. रंग मारून झाला की खोली साठेक अंशांवर तापवून गाडी अर्धा-पाऊण तास ‘भाजायची’. मित्राचा बूथ नागपूरकडून सेकंडहँड आला होता, म्हणजे इथे पाऊल ठेवलं तेव्हाच तो पोक्त होता. त्याआधी गाड्या मागच्या मोहाखाली रंगायच्या, आणि फुलं गळायच्या दिवसांत मोहाखाली कुणी गाडी लावत नसे.

इतक्या आडगावी बूथ कशाला, असं नागपूरचे पाहुणे विचारतात. त्यांना आडगाव वाटतं, पण समोरून जाणारा रस्ता हजिऱ्याहून निघालेला. पूर्वी तो सहा नंबरचा होता आणि कोलकात्याला पोचायचा, आता त्रेपन्न नंबरचा आहे आणि पारादीप बंदराला जातो. व्यापारी गाडी आठ वर्षांची झाली की तिला दरवर्षी फिटनेसची परीक्षा द्यावी लागते, आणि परीक्षेआधी तोंड धुवायची पद्धत ट्रकमालकांतही आहे. त्यात शाळा उघडण्यापूर्वी पिवळ्या बसगाड्या येतात, धान कापणीच्या आधी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. काम असतं. काम बिघडवायलाही सगळा परिसर टपलेला असतो. मळणीच्या दिवसांत हवेत कोंडा असतो, पहिल्या पावसानंतर पाखरं असतात. संध्याकाळी बूथचे दिवे लागले की दाराच्या फटीतून ती आत येतात आणि नेमकी ओल्या क्लिअर कोटवर उतरतात. एका ट्रकच्या दारावर मी स्वतः पाहिलेलं पाखरू पंख पसरून, सहाही पाय मोजता येतील असं बसलं होतं, वरून चकचकीत काच चढवल्यासारखं. वर्कशॉपचे पेंटर मामा ते सुईने काढायला निघाले, तर ड्रायव्हर म्हणाला, राहू द्या, उशीर होतोय. त्याने त्यावर लिंबू-मिरचीचं स्टिकर चिकटवलं आणि पाखरू ओडिशाकडे रवाना झालं.

तर ती दाराची फट. दाराचं रबर कडक झालं होतं. हे म्हातारपणाचं पहिलं लक्षण, आणि स्वस्तातलं. रबर बदललं. मग पट्टे सैल झाले, पट्टे बदलले. बर्नर तिसऱ्या खेपेला पेटू लागला, त्याचं नोझल बदललं. मोटार जळली, गोंदियाहून वायंडिंग भरून आणली. उन्हाळी धानाला पाणी द्यायच्या मोटारी सुरू झाल्या की लाइन मंदावते आणि बूथची मोटार कण्हते, त्यामुळे ती पुन्हा जळली, पुन्हा भरून आणली. जुन्या यंत्राची हीच तर लबाडी आहे. ते एकदम कधीच मोठी रक्कम मागत नाही. दोन हजार मागतं, पाच हजार मागतं, दसऱ्याच्या तोंडावर मागतं. दोन हजारांसाठी कुणी बारा लाखांचा निर्णय घेत नाही, आणि असे दोन-दोन हजार करत बूथने मालकाचा खिसा असा पोखरला की बाहेरून खिसा शाबूत दिसत राहिला.

पंख्याचा आवाज बदलला तेव्हा मिस्त्रीने बेअरिंग टाकली. सहा महिन्यांत पुन्हा गेली. पुन्हा टाकली. खरं कारण मिस्त्रीला माहीत होतं, मामांना माहीत होतं, आणि ऐकायची इच्छा असती तर मित्रालाही कळलं असतं. नवे फिल्टर महाग म्हणून जुनेच झटकून परत बसवायची चाल पडली होती. झटकलेला फिल्टर रंग अडवत नाही, नुसता जागेवर बसून असतो. पुढे गेलेला रंग पंख्याच्या पात्यांवर बसतो, तोही सारखा बसत नाही. एका पात्यावर जाड, दुसऱ्यावर पातळ. मग चाकाचा तोल जातो, चाक थरथरतं आणि ती थरथर बेअरिंगला खाते. म्हणजे फिल्टरमध्ये वाचवलेले पैसे बेअरिंगमध्ये गेले. तरी बेअरिंगचं बिल हे ‘दुरुस्ती’ असतं आणि फिल्टरचं बिल हा ‘खर्च’ असतो, हा फरक आमच्याकडे फार पक्का आहे.

बूथच्या भिंतीवर हवेचा दाब दाखवणारं मीटर आहे. त्याच्या काचेवर रंगाचे इतके थर की आत काटा आहे हे श्रद्धेनेच मानायचं. मामांचा भरवसा दुसऱ्या वस्तूवर होता. जाळीच्या कडेला त्यांनी जुन्या कॅसेटमधली फीत बांधली होती. तिच्यावर कधीकाळी झाडीपट्टीतल्या कुठल्याशा नाटकाची गाणी होती म्हणे. पंखा नीट ओढत असला की फीत जाळीतून खाली खेचली जाऊन ताठ राहायची. फिल्टर तुंबला की ती वळवळायची, मग जाळीवर आडवी पडायची. फीत आडवी पडली की मामा गन खाली ठेवून बाहेर येऊन बसत. मालकाने घाई केली तर म्हणत, “हवाच नाई ओढत जी. रंग मारू का पिऊ?”

मित्राचा मुलगा नागपूरला इंजिनिअरिंग शिकून आला आणि खटल्यात कागदपत्रं दाखल झाली. त्याने लॅपटॉपवर तक्ता मांडला. त्यातून मला कळलं की या प्रश्नावर अमेरिकेत जॉर्ज टेरबॉर्ग नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1949 साली अख्खं पुस्तक लिहिलं आहे. त्याने जुन्या यंत्राला ‘डिफेंडर’ म्हटलं आणि नव्याला ‘चॅलेंजर’; मुष्टियुद्धात गादी राखणारा एक आणि आव्हान द्यायला आलेला दुसरा. जुनं यंत्र दरसाल आणखी किती मागे पडतंय, त्याचा वाढता खर्च आणि नव्याच्या भांडवलाचा भार यांचा मेळ कुठे बसतो, ते काढायचं. हिशेबाची पहिली अट अशी की जुन्यावर आजवर किती ओतलं ते विसरून जायचं. ते पैसे गेले. ते मोजायचे नाहीत.

“इसरू कसा?” माझा मित्र म्हणाला. “पैसे माह्येच होते ना बाबू.”

टेरबॉर्गच्या पुस्तकात याला उत्तर असेल, मुलाकडे नव्हतं. मग तो प्राप्तिकराच्या घसाऱ्याकडे वळला. यंत्रसामग्रीवर दरसाल 15 टक्के घसारा, तोही उरलेल्या किमतीवर. दहा लाखांचं यंत्र असं झिजत झिजत दहा वर्षांनी दोन लाखांच्या खाली येतं, वीस वर्षांनी साधारण एकोणचाळीस हजारांवर. पुढेही झिजतच राहतं, शून्य मात्र होत नाही. हे ऐकून मित्राला बरं वाटलं. “पाय, कागदावर तं तो कधीच मरत नाई,” असं तो मला म्हणाला आणि बैठक चहावर संपली.

चॅलेंजरच्या बाजूने नागपूरहून एक विक्रेता आला. इस्त्रीचा शर्ट, तोंडात दर वाक्याला ‘सर’. त्याच्या बूथला टच स्क्रीन होती. थिनरमध्ये भिजलेल्या हातमोज्यांनी ती कशी दाबायची हे मी विचारणार होतो, पण मामांनी आधी तोंड उघडलं : हवा किती ओढते? विक्रेत्याने घनफुटांत आकडा सांगितला. मामांनी तो ऐकून घेतला आणि विचारलं, “तेवढ्यात फीत ताठ राहीन का जी?” विक्रेत्याच्या माहितीपत्रकात फितीचा रकाना नव्हता. शेवटी किंमत निघाली, वर 18 टक्के जीएसटी, पाया आणि वायरिंग वेगळं. मित्राने आकडा ऐकून बिस्किटांची बशी पाहुण्यापुढे सरकवली. आमच्या भागात याचा अर्थ नकार असा होतो, पण बाहेरच्या माणसाला तो आदरसत्कार वाटतो.

मित्राला चिक्कू म्हणण्याआधी तो कुठला आहे हे पाहायला हवं. आम्ही तलावांच्या मुलखातले. इथून जवळच नवेगावबांधचा तलाव आहे. 18व्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधली वाट अडवून तो बांधला. लोकांनी पाटलांना कोलासूर म्हणून देवपण दिलं. गोंदिया-भंडाऱ्यातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, बहुतांशी अशाच हातांचं काम. त्यांचा गाळ काढायचा, पाळीवर माती टाकायची, आणि तलाव पुढच्या पिढीला द्यायचा. तलाव जुना झाला, आता नवा आणू, असं इथे कुणी म्हटल्याचं ऐकलं नाही. एसटीच्या हिंगण्याच्या कार्यशाळेतही जुन्या चासीवर नवी बॉडी चढते. लाल गाडीचा सांगाडा तोच, अंग नवं. प्रवासी खिडकीत बसून म्हणतो, वा, नवी गाडी लागली. असल्या वातावरणात वाढलेला माणूस ‘बदलून टाका’ म्हटलं की दुखावतो. मीही त्याच बाजूचा. माझ्या घरातला मिक्सर तिसऱ्या मोटारीवर चालतो आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण तलावाची पाळ खचली तर सगळ्या गावाला दिसते. बूथ खचला तर दिसत नाही, कारण गाडी तरीही रंगून बाहेर येते. पाखरू बसलं, धुळीचे कण आले, रंगाला संत्र्याच्या सालीसारखा पोत आला, तर पॉलिश मारून भागतं. बिघाड रंगात उतरायच्या आधी हवेत उतरलेला असतो, आणि त्या हवेत फक्त एक माणूस उभा असतो.

आता बहुतेक गाड्यांना टू-के म्हणजे हार्डनर घालायचा पीयू रंग लागतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याला थिनरसारखा नाकात झोंबणारा वास नाही, म्हणून ते साधं वाटतं. पण छातीत जात राहिलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे चिमूटभरही पुरतं. साधा कोळशाचा मास्क त्यापुढे फार भरवशाचा नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने आणणारा मास्क लागतो. मामा गमछा बांधायचे. गमछ्यावर दिवसाचा रंग उमटायचा, आणि तो पाहून आज स्वराज होता की सोनालिका हे त्यांच्या घरी कळायचं. दोनेक वर्षांपासून त्यांना रात्रीचा खोकला होता. “सर्दी हाय जी,” एवढंच सांगायचे. उन्हाळ्यातही सर्दी.

याच सुमारास माझ्या वाचनात आलं की ज्या स्प्रे गनवर हा सगळा धंदा उभा आहे ती एका घशाच्या डॉक्टरच्या घरातून निघाली. अमेरिकेतल्या टोलेडो गावी डॉ. ॲलन डीव्हिल्बिस हे नाक-घशाचे डॉक्टर. रोग्याच्या घशात औषधाचा बारीक फवारा मारता यावा म्हणून त्यांनी 19व्या शतकाच्या अखेरीस फवारणीचं यंत्र केलं. पुढे त्यांच्या मुलाने, थॉमसने, त्याच फवाऱ्यातून रंग उडवला. बापाने घशासाठी केलेल्या वस्तूचा मुलाने असा विस्तार केला की रंग पुन्हा घशाकडेच निघाला. ही गोष्ट मी बैठकीत सांगितली. मित्र हसला, मुलगा हसला, मामाही हसले, आणि हसताना त्यांना जो खोकला लागला तो बराच वेळ थांबला नाही. मित्र पाणी घेऊन आला. त्या दिवशी तक्ता उघडला गेला नाही.

टेरबॉर्गच्या हिशेबात जुन्या यंत्राचा तोटा कुणाच्या नावावर पडतो हा रकाना असता तर बरं झालं असतं. बूथचं म्हातारपण मित्राच्या वहीत दोन हजार, पाच हजार असं लिहिलं जात होतं. उरलेलं मामांच्या छातीत जमा होत होतं, आणि त्याची पावती कुणी फाडली नव्हती. मी मित्राला हे असंच म्हटलं. त्याला ते लागलं असावं, कारण तो माझ्यावर भडकला आणि मिक्सरची आठवण काढली.

निकाल लागला तो दोन्ही बाजूंना न पटणारा. पत्र्याची खोली ठेवायची, आतडी नवी घालायची. पंखा नवा, त्याची मोटार ठिणगी बाहेर न जाऊ देणारी, दिवेही तसेच बंदिस्त, छतातले आणि जाळीखालचे फिल्टर नवे, आणि ते किती दिवसांनी फेकायचे याचं कॅलेंडर भिंतीवर. मीटर नवं. मामांसाठी नळीचा मास्क आणि त्या नळीला स्वच्छ, बिनतेलाची हवा देणारी वेगळी सोय. मुलाने तक्त्यात हे बसवून पाहिलं. ते ना डिफेंडरच्या रकान्यात बसलं, ना चॅलेंजरच्या. त्याने तिसरा रकाना काढून त्याला ‘बाबा’ असं नाव दिलं. बर्नर मात्र जुनाच राहिला. तो अजूनही तिसऱ्या खेपेला पेटतो, पण त्याने कुणाच्या छातीला त्रास होत नाही, म्हणून माझी त्याला हरकत नाही. डॉक्टरांकडे मामांना मित्राचा मुलगाच घेऊन गेला. सध्या त्यांना गन धरायची मनाई आहे. ते बाहेर खुर्चीवर बसून नव्या पोराला शिकवतात आणि नवं मीटर बरोबर आहे की नाही हे फितीवरून तपासतात.

जुनं सामान बाहेर काढायला दोन दिवस लागले. भिंतींवर साचलेल्या रंगाचे बोटभर जाडीचे ढलपे निघाले. एक मी हातात घेतला. कड घासली तर आत पट्टे : शाळेचा पिवळा, ट्रॅक्टरचा निळा, लाल, मधे कुणाची तरी हौसेची जांभळी जीप, पुन्हा पिवळा. डेट्रॉइटच्या कारखान्यांत असेच थर साचायचे. तिथे लोक ते कापून, घासून, ‘फोर्डाइट’ म्हणून अंगठ्यांत बसवतात. ही माहिती मी मोठ्या उत्साहाने दिली. मित्राच्या सुनेने एक ढलपा उचलून नेला. मला वाटलं पेंडंट होणार. तो स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला मी नंतर पाहिला.

पंख्याला लगेच गिऱ्हाईक आलं. जवळच्या गावचा एक शेतकरी. त्याला धान उडवायला पंखा हवा होता, आणि एवढा दांडगा पंखा अर्ध्या दिवसात खळं मोकळं करील असा त्याचा हिशेब. मित्र खूश झाला. भंगारापेक्षा चांगला भाव. मामा खुर्चीवरून म्हणाले, “देऊ नका जी. याच्या पात्यावर सारा पिवळा हाय. धानात उडन.” मुलाने दुजोरा दिला. पिवळ्या-नारिंगी रंगांत शिशाची संयुगं वापरायची जुनी रीत. घरगुती रंगांतल्या शिशावर 2017 पासून 90 पीपीएमची मर्यादा लागू झाली, पण गाड्यांचा औद्योगिक रंग त्या नियमात येत नाही. शेतकऱ्याला पीपीएम कळलं नाही, धानात रंग पडेल हे कळलं, आणि तो मोटारसायकलला किक मारून गेला. मित्राने मामांकडे पाहिलं. मामा फितीकडे बघत होते.

राहिला भंगारवाला. त्याने चाक काट्यावर टाकलं आणि वजन पाहून सगळेच चकित झाले. कागदावर दरसाल 15 टक्क्यांनी घटत गेलेलं यंत्र काट्यावर चांगलंच वाढलं होतं. मित्राचा चेहरा उजळला, तसा भंगारवाला म्हणाला, “रंगाचं वजन कापावं लागन भाऊ.”

“कापतो कायचं?” मित्र म्हणाला. “लोखंडापेक्षा तो रंग महाग पडला मले.”

सौदा किती वेळ चालला माहीत नाही. मी निघालो तेव्हा भंगारवाला पेचकस घेऊन पात्यावर कुठे लोखंड लागतं ते शोधत होता, आणि मित्र शेजारी उकिडवा बसून त्याला सांगत होता की वरचा पिवळा सोड, त्याखालचा हिरवा मेटॅलिक आहे, त्याचा लिटरचा भाव आधी विचारून ये.